फायबर जोडणीला जुना राउटर : कोठे वापरावा, कसा जोडावा

ऑप्टिकल फायबरची इंटरनेट जोडणी आता गावातच नव्हे, तर अनेक ठिकाणी वस्तीवरही येऊ लागली आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि आज भारतनेट नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पातून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे काम सुरू झाले. तेथून पुढे घरापर्यंतची जोडणी विविध कंपन्या आणि स्थानिक केबलचालक देतात. नवी जोडणी घेताना अनेक शेतकऱ्यांच्या घरी टेलिफोन लाइनवरच्या ब्रॉडबँडचा किंवा पूर्वी विकत घेतलेला राउटर पडून असतो. तो चालेल का, की नवा घ्यावा, हा पहिला प्रश्न असतो.

घरातील इंटरनेट आता केवळ व्हिडिओ पाहण्यापुरते राहिलेले नाही. गोठ्यातील कॅमेरा, ठिबकचा स्वयंचलित कंट्रोलर, पॉलिहाउसमधील तापमान व आर्द्रता दाखवणारे सेन्सर, काही ठिकाणी मोटरचा वायफाय स्टार्टरही त्याच राउटरवर चालतो. राउटर बंद पडला किंवा परक्याच्या हाती गेला, तर नुकसान थेट शेताचे होते. त्यामुळे जुना राउटर वापरताना तो चालतो का, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या जागी लावायचा, हे आधी ठरवावे.

थोडक्यात सांगायचे तर जुना राउटर इंटरनेटच्या दारावर राखणीला ठेवू नये. तो आत, वायफाय पसरवण्याच्या कामाला लावावा. बहुतेक घरांसाठी हीच पद्धत स्वस्त, सोपी आणि सुरक्षित ठरते.

तांब्याची लाइन आणि फायबर यांतील फरक

जुन्या ब्रॉडबँडमध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून विजेचे संकेत येत. ते ओळखणारा मोडेम राउटरच्याच डब्यात असे. या पद्धतीत एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढले, की वेग घटत असे. सुधारित एडीएसएल तंत्रातही कमाल वेग २४ एमबीपीएसच्या आसपास होता.

फायबरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाशाचे संकेत येतात. त्यांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे ओएनटी. काही जण त्याला ओएनयू किंवा फायबर मोडेम म्हणतात. हा ओएनटी सेवा देणारी कंपनी बसवते आणि आपल्या यंत्रणेत त्याची नोंद करते. घरोघरीच्या जोडणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका मुख्य फायबरवर ३२ किंवा ६४ घरे विभागलेली असतात. त्यामुळे नोंद नसलेले उपकरण त्या लाइनवर चालत नाही.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात.

- जुना राउटर ओएनटीची जागा घेऊ शकत नाही. फायबरची पिन बसेल असे सॉकेटच त्याला नसते.
- जुना राउटर ओएनटीच्या पुढे, लॅन केबलने जोडता येतो. बहुतेक नव्या ओएनटीमध्ये वायफाय आणि राउटर दोन्ही असतात, म्हणून जुन्या राउटरचे काम फक्त वायफाय दूरवर नेण्याचे उरते.

आपल्याकडचा राउटर कोणत्या प्रकारचा?

राउटर उलटा करून मागील सॉकेट पाहावीत.

१) एडीएसएल मोडेम राउटर : यात टेलिफोनच्या वायरचे लहान सॉकेट असते. त्यावर ‘डीएसएल’ किंवा ‘लाइन’ असे लिहिलेले असते. बाजूला लॅनची एक ते चार मोठी सॉकेट असतात. टेलिफोनचे सॉकेट फायबर जोडणीत निरुपयोगी आहे. लॅनची सॉकेट आणि वायफाय मात्र वापरता येते.

२) साधा वायफाय राउटर : यात वेगळ्या रंगाचे, ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेले एक सॉकेट आणि लॅनची बहुधा चार सॉकेट असतात. हा प्रकार फायबरसाठी सर्वांत सोयीचा आहे.

३) सिमकार्डचा राउटर : यात सिमची खाच असते. लॅन किंवा वॅनचे सॉकेट असेल तरच तो फायबरसोबत वापरता येतो. अन्यथा फायबर बंद पडल्यावर पर्यायी जोडणी म्हणून तो ठेवावा.

टेलिफोन कंपनीने भाड्याने किंवा अनामत घेऊन दिलेला मोडेम असेल, तर जुनी जोडणी बंद करताना तो परत करावा लागतो का, हे आधी विचारावे. परत केल्याची पावती घ्यावी.

वापरण्यापूर्वीची तपासणी

*वेग :* जुन्या राउटरची लॅन सॉकेट बहुधा १०० एमबीपीएसची असतात. त्यातून प्रत्यक्षात ९० ते ९५ एमबीपीएस मिळतात. आपला प्लॅन ४०, ५० किंवा १०० एमबीपीएसचा असेल, तर हे सॉकेट पुरेसे आहे. वायफायच्या बाबतीत डब्यावर छापलेला आकडा आणि हाती येणारा वेग यांत मोठा फरक असतो. ‘१५०’ किंवा ‘३००’ लिहिलेल्या राउटरवर प्रत्यक्ष वेग बहुधा निम्म्याहून कमी मिळतो. फक्त ‘५४’ लिहिलेला फार जुना राउटर साधारण २० एमबीपीएसपर्यंतच देतो.

*गरज :* सेन्सर आणि ठिबकचा कंट्रोलर यांना अगदी नगण्य वेग लागतो. चांगल्या प्रतीच्या एका कॅमेऱ्याला २ ते ४ एमबीपीएस लागतात. म्हणजे गोठ्यात दोन कॅमेरे आणि चार सेन्सर असतील, तरी जुना राउटर सहज पुरतो. शिवाय शेतीत वापरली जाणारी अनेक वायफाय उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ बँडवर चालतात. जुन्या राउटरमध्ये हाच बँड असतो. येथे त्याचे जुनेपण अडचणीचे ठरत नाही.

*वायफायची सुरक्षा :* सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए २’ आणि ‘एईएस’ हे पर्याय असलेच पाहिजेत. फक्त ‘डब्ल्यूईपी’ असेल, तर तो राउटर वापरू नये. डब्ल्यूईपीचा पासवर्ड काही मिनिटांत फोडता येतो.

*अ‍ॅडॉप्टर :* राउटरच्या तळाशी व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट तंतोतंत जुळावेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. ५ किंवा ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावल्यास तो जळतो. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर योग्य आहे, असे समजू नये.

पद्धत १ : अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून (शिफारस)

या पद्धतीत इंटरनेट घेणे, उपकरणांना पत्ते देणे आणि बाहेरच्यांना अडवणे ही कामे ओएनटी करतो. जुना राउटर फक्त वायफाय पसरवतो. एडीएसएल मोडेम राउटरही असाच वापरता येतो.

ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे, असे धरून पुढील कृती दिली आहे. प्रत्यक्ष पत्ता ओएनटीच्या मागील चिठ्ठीवर पाहावा. पत्ता ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांतच टाकावा.

१) जुना राउटर सुरू करावा. ‘रीसेट’च्या छिद्रात टाचणी घालून १० ते १५ सेकंद दाबून धरावी. सर्व लाइट एकदा बंद होऊन पुन्हा लागतात. यामुळे जुनी सेटिंग पुसली जाते.

२) अजून ओएनटीला जोडू नये. लॅपटॉप लॅन केबलने, किंवा मोबाइल वायफायने, फक्त जुन्या राउटरला जोडावा. मोबाइलचा डेटा बंद ठेवावा, नाहीतर सेटिंगचे पान उघडत नाही.

३) राउटरच्या मागील चिठ्ठीवरील पत्ता ब्राउझरमध्ये टाकून, तेथेच दिलेले नाव व पासवर्ड वापरून आत जावे. सर्वांत आधी हा आत जाण्याचा पासवर्ड बदलावा.

४) ‘ऑपरेशन मोड’मध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ असा पर्याय असल्यास तो निवडावा. मग वायफायचे नाव आणि पासवर्ड भरून सेव्ह करावे. पुढच्या पायऱ्यांपैकी क्रमांक ५ ते ७ करण्याची गरज नाही. केबल कोणत्या सॉकेटमध्ये लावायची, हे त्याच पानावर दाखवलेले असते.

५) असा पर्याय नसल्यास वायफायच्या सेटिंगमध्ये नाव, किमान १२ अक्षरांचा पासवर्ड, ‘डब्ल्यूपीए २’ व ‘एईएस’ निवडावे. २.४ गिगाहर्ट्‌झसाठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी ठेवावे. ओएनटीचे चॅनेल १ असेल, तर जुन्या राउटरला ६ किंवा ११ द्यावे.

६) लॅनच्या सेटिंगमध्ये राउटरचा पत्ता बदलावा. पहिले तीन भाग ओएनटीचेच ठेवावेत, शेवटचा वेगळा द्यावा. उदा. १९२.१६८.१.२५०. हा पत्ता ओएनटी आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांच्या मर्यादेबाहेरचा असावा. ही मर्यादा ओएनटीच्या डीएचसीपी पानावर दिसते. सेव्ह केल्यावर राउटरचे पान नव्या पत्त्यावर उघडावे लागते.

७) शेवटी डीएचसीपी बंद करावे. ही पायरी विसरली, तर ओएनटी आणि राउटर दोघेही उपकरणांना पत्ते वाटतात. मग काही मोबाइलवर इंटरनेट चालते, काहींवर नाही.

८) ओएनटीच्या लॅन सॉकेटमधून केबल घेऊन जुन्या राउटरच्या लॅन सॉकेटमध्ये लावावी. पायरी ५ ते ७ केल्या असतील, तर वॅन सॉकेट रिकामे ठेवावे.

९) जुन्या राउटरच्या वायफायला मोबाइल जोडून इंटरनेट तपासावे. नंतर कॅमेरा आणि सेन्सर एकेक करून जोडावेत.

बदललेले पत्ते आणि पासवर्ड वहीत लिहून घरात ठेवावेत. राउटरवर चिकटवू नयेत.

पद्धत २ : ओएनटीच्या मागे स्वतंत्र राउटर म्हणून

वॅन सॉकेट असलेल्या राउटरसाठी ही पद्धत चालते. ओएनटीच्या लॅनमधून केबल जुन्या राउटरच्या वॅनमध्ये लावावी. इंटरनेटचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ निवडावा. राउटरचा लॅन पत्ता ओएनटीपेक्षा वेगळा ठेवावा, उदा. १९२.१६८.५०.१. दोन्हीकडे १९२.१६८.१.१ राहिल्यास इंटरनेट चालत नाही. नव्या जोडणीत ही चूक वारंवार आढळते.

या पद्धतीत दोन जाळी तयार होतात. गोठ्यातील राउटरवरचा कॅमेरा घरातील वायफायवरून थेट दिसत नाही. कंपनीच्या अ‍ॅपमधून मात्र दिसतो. डीव्हीआर घरात आणि कॅमेरे गोठ्यात असतील, तर ही पद्धत टाळावी. मजूर किंवा पाहुण्यांना इंटरनेट देण्यासाठीही ती योग्य नाही. मागच्या राउटरवरील व्यक्ती पुढच्या जाळ्यातील उपकरणांपर्यंत पोहोचू शकते. त्यासाठी ओएनटीमधील ‘गेस्ट’ वायफाय सुरू करावे.

पद्धत ३ : ओएनटी ब्रिजमध्ये, इंटरनेट जुन्या राउटरवर

या पद्धतीत ओएनटी फक्त प्रकाशाचे संकेत बदलतो. कंपनीचे युजरनेम आणि पासवर्ड जुन्या राउटरमध्ये ‘पीपीपीओई’ या प्रकाराखाली भरावे लागतात. काही कंपन्यांमध्ये व्हीलॅन क्रमांकही लागतो. काही कंपन्या ही सोयच देत नाहीत. लँडलाइन फोन ओएनटीवर असेल, तर सेटिंग बदलताना तो बंद पडू शकतो. म्हणून कंपनीच्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय ओएनटीच्या मुख्य सेटिंगला हात लावू नये.

या पद्धतीत जुना राउटर थेट इंटरनेटच्या तोंडावर येतो. निर्माता अद्यापही सुरक्षा अपडेट देत असेल, तरच ती वापरावी. पाच-सात वर्षांपूर्वीच्या स्वस्त राउटरना असे अपडेट बहुधा मिळत नाहीत. त्यांचा प्रोसेसरही दुबळा असतो, त्यामुळे पीपीपीओईचे काम करताना वेग आणखी घटतो.

जुना राउटर दारावर का नको?

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेले नाव आणि पासवर्ड लोकांनी बदललेले नव्हते; तेच वापरून तो आत शिरला. जुलै २०१७ मध्ये आपल्या देशातही बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर असा हल्ला झाला. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ने ५ लाखांहून अधिक राउटर व तत्सम उपकरणे बाधित केल्याचे उघड झाले.

हल्ला करणाऱ्याला आपले शेत माहीत नसते. तो दार उघडे असलेली उपकरणे यंत्राने शोधत असतो. पण राउटर ताब्यात गेला, की इंटरनेट मंदावते आणि त्यावरून चालणारे कॅमेरे व कंट्रोलर यांचाही भरवसा राहत नाही. पॉलिहाउसमधील फॉगर किंवा रात्रीचे सिंचन अशा राउटरवर अवलंबून असेल, तर एका रात्रीतही पिकाला फटका बसतो.

पुढील काळजी सर्वांनी घ्यावी.

- ओएनटी, जुना राउटर, कॅमेरा आणि डीव्हीआर या प्रत्येकाचा मूळ पासवर्ड बदलावा.
- ‘डब्ल्यूपीएस’ आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद ठेवावे. गरज नसल्यास ‘यूपीएनपी’ही बंद करावे.
- कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी तंत्रज्ञाने ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून दिले असेल, तर ते काढून कंपनीच्या अ‍ॅपमधून पाहावे.
- राउटरच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचे फर्मवेअर आहे का, ते पाहावे. अपडेट करताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी. मध्येच वीज गेली तर राउटर निकामी होऊ शकतो.
- मोटर आणि व्हॉल्व्ह हाताने चालू-बंद करण्याची सोय कायम ठेवावी. मोटरचे ड्राय रन आणि ओव्हरलोड संरक्षण स्टार्टरमध्येच असावे, ते इंटरनेटवर सोपवू नये.

मोबाइल किंवा संगणक बाधित झाल्याची शंका आल्यास केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची तपासणी साधने मोफत उपलब्ध आहेत.

गोठा, पॉलिहाउस, विहीर : अंतराचा विचार

लॅन केबल १०० मीटरपर्यंतच वापरावी. त्यापुढे संकेत क्षीण होतात. घर ते गोठा ४० मीटर असेल, तर बाहेर वापरण्याची, काळ्या आवरणाची लॅन केबल पाइपमधून नेऊन गोठ्याजवळ जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून बसवावा. केबल शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची केबल स्वस्त असते, पण लांब अंतरावर त्रास देते. विजेच्या वायरसोबत एकाच पाइपमधून लॅन केबल नेऊ नये.

विहीर २०० ते ३०० मीटरवर असेल, तर जुन्या राउटरच्या वायफायची अपेक्षा ठेवू नये. तेथे दोन पर्याय आहेत. पहिला, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवून स्वतःची फायबर केबल टाकणे. दुसरा, एकमेकांसमोर बसवायची वायरलेस उपकरणांची जोडी. या जोडीला समोरासमोर स्वच्छ दिसणारी रेषा लागते. लागवडीच्या वेळी दिसणारी रेषा ऊस ३ ते ४ मीटर वाढल्यावर बंद होते. पानांतील पाणी वायफायचे संकेत शोषते. म्हणून खांबाची उंची पूर्ण वाढलेल्या पिकाचा विचार करून ठरवावी. केळी, ऊस आणि दाट फळबागेच्या आरपार वायफाय चालेल, असे गृहीत धरू नये.

पत्र्याचे शेड, लोखंडी जाळी आणि पाण्याची टाकीही संकेत अडवते. राउटर कोपऱ्यात, टाकीमागे किंवा लोखंडी कपाटात ठेवू नये.

घरगुती राउटर साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालील तापमान याहून वर जाते. मग राउटर दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतो. तो सावलीत, भिंतीवर, हवा खेळेल असा लावावा. कुक्कुटपालन शेडमधील अमोनिया आणि पॉलिहाउसमधील दमट हवा सॉकेटमधील तांबे गंजवते. शक्यतो राउटर शेडबाहेरील खोलीत ठेवावा. तसे जमत नसेल तर पावसापासून बचाव करणाऱ्या, खालून छिद्रे व जाळी असलेल्या पेटीत बसवावा.

वीज आणि विजांपासून संरक्षण

वीज गेली, की फायबर लाइन चांगली असूनही इंटरनेट बंद होते. ओएनटी आणि राउटर दोन्ही सुरू राहिले, तरच उपयोग. दोन्ही १२ व्होल्टचे असतील, तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस पुरतो. दोन्ही उपकरणांचे अँपिअर मिळवून त्या क्षमतेचा घ्यावा.

हिशेब असा करावा : १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. ओएनटी व राउटर मिळून १५ वॉट घेत असतील आणि बॅटरी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नसेल, तर साधारण ३ ते ४ तास मिळतात.

ट्रॅक्टरची किंवा सोलरची बॅटरी राउटरला थेट जोडू नये. चार्ज होताना तिचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो. १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर मध्ये लावावा.

काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही. पण घरापर्यंत येणाऱ्या काही फायबर केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते, आणि गोठ्याकडे जाणारी लॅन केबल तर तांब्याचीच असते. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू होण्याआधीच अ‍ॅडॉप्टर आणि बाहेरून येणारी लॅन केबल काढून ठेवावी. विजा चमकू लागल्यावर केबलला हात लावू नये. कायमस्वरूपी व्यवस्थेत सर्ज संरक्षक आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे.

फायबर केबलची निगा

- केबल काटकोनात वाकवू नये, खिळ्याने ठोकू नये. शिल्लक केबलचे वेटोळे किमान ६ सेंटिमीटर व्यासाचे ठेवावे.
- रस्त्यावरून जाणारी केबल उसाने भरलेल्या ट्रॉलीला लागणार नाही, इतकी उंच असावी.
- बांधावरून गेलेल्या केबलजवळ पाचट किंवा गवत जाळू नये. जेसीबीने चर खोदण्यापूर्वी केबलचा मार्ग दाखवून द्यावा.
- उंदीर आणि खारी केबल कुरतडतात. धान्याच्या खोलीतून केबल नेताना ती पाइपमधून न्यावी.
- पिन वारंवार काढू नये. टोकावर धूळ बसली, तरी संकेत घटतो. हिरव्या पिनचे टोक तिरके घासलेले असते. ती निळ्या पिनच्या सॉकेटमध्ये घालू नये.
- उघड्या टोकात डोळे लावून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो.

अडचण कोठे आहे, ते कसे ओळखावे?

*ओएनटीवर ‘एलओएस’चा लाल लाइट :* फायबरमधून प्रकाश येत नाही. केबल तुटली, वाकली किंवा पिन ढिली झाली. राउटरची सेटिंग बदलू नये, कंपनीकडे तक्रार करावी.

*‘पॉन’ लाइट लुकलुकतो :* ओएनटीची नोंद पूर्ण होत नाही. हेही कंपनीचेच काम आहे.

*‘पॉन’ स्थिर, पण इंटरनेट नाही :* रिचार्ज किंवा युजरनेम-पासवर्डचा प्रश्न असू शकतो. ओएनटीला थेट लॅपटॉप जोडून पाहावा.

*ओएनटीवर इंटरनेट चालते, जुन्या राउटरवर नाही :* केबल चुकीच्या सॉकेटमध्ये आहे, डीएचसीपी सुरू राहिले आहे किंवा दोन्हींचा पत्ता एकच आहे.

*वायफाय पूर्ण दिसते, पण वेग नाही :* आधी ओएनटीला लॅन केबल लावून वेग मोजावा, मग जुन्या राउटरला. पहिल्या ठिकाणी पूर्ण वेग आणि दुसऱ्या ठिकाणी कमी असेल, तर राउटर किंवा केबल कारण आहे. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर नेमके १० च्या खाली मिळत असेल, तर केबलची टोके पुन्हा बसवून घ्यावीत.

*पाऊस पडला की लाइन जाते :* ओएनटीच्या पानावर प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये दिसते. सर्वसाधारण ओएनटी उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत चालतो. आकडा उणे २७ च्या जवळ असेल, तर जोडात पाणी शिरले असण्याची शक्यता असते. हा आकडा तक्रारीत सांगितल्यास तंत्रज्ञाला कारण लवकर सापडते.

*महिना संपण्याआधीच वेग घटतो :* कॅमेऱ्याचे सतत ऑनलाइन रेकॉर्डिंग तपासावे. एक कॅमेरा सलग २ एमबीपीएसने पाठवत राहिल्यास दिवसाला सुमारे २१.६ जीबी, म्हणजे महिन्याला जवळपास ६५० जीबी डेटा जातो. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर किंवा डीव्हीआरवर ठेवावे.

नवा राउटर कधी घ्यावा?

- ‘डब्ल्यूपीए २’ची सोय नसेल.
- राउटर ओएनटीच्या पुढे न ठेवता थेट इंटरनेटवर ठेवणे भाग असेल आणि अपडेट मिळत नसतील.
- प्लॅन १०० एमबीपीएसहून अधिक असेल आणि तो वेग त्याच जागी हवा असेल.
- राउटर दिवसातून वारंवार बंद पडत असेल आणि अ‍ॅडॉप्टर बदलूनही फरक पडत नसेल.

जुना राउटर देऊन टाकताना आधी रीसेट करावा. अन्यथा आपले पासवर्ड त्यात राहतात. तांब्यासाठी तो जाळू नये. ई-कचरा अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी गटात स्वयंचलित सिंचन किंवा कॅमेरा बसवण्याबाबत मार्गदर्शन करताना उपकरणाच्या किमतीसोबत या चार गोष्टी विचाराव्यात : ओएनटी आणि राउटर कोठे बसवले आहेत, मूळ पासवर्ड बदलले आहेत का, वीज गेल्यावर दोन्ही किती तास चालतात, आणि इंटरनेट बंद असताना मोटर व व्हॉल्व्ह हाताने चालवता येतात का. या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर राउटर जुना असला तरी व्यवस्था विश्वासाने वापरता येते. एकही उत्तर नकारार्थी असेल, तर नवे उपकरण घेण्याआधी ती उणीव दूर करावी.